परतीच्या वाटेची बोट
रायगड किनाऱ्यासाठी शिडाची यॉट निवडताना

दिवाळी सरली, की मांडव्यासमोर आणि गेटवेच्या दक्षिणेला शिडाच्या बोटी पुन्हा पाण्यावर दिसू लागतात. दरवर्षी याच सुमाराला काही कुटुंबं स्वतःची यॉट घ्यायचं ठरवतात आणि एकाच प्रश्नापाशी अडतात. वाऱ्यावर धावणारी, हलकी, शर्यतीच्या घडणीची बोट घ्यावी, की बिछाने, स्वयंपाकाची जागा आणि शौचालय असलेली ऐसपैस क्रूझर?

या प्रश्नावर सल्ला भरपूर मिळतो, पण तो बहुतेक भूमध्य समुद्राचा किंवा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याचा असतो. आपल्याकडचा वारा वेगळा, भरती वेगळी, आणि वर्षातले चार महिने बोट पाण्यात ठेवण्याजोगी स्थिती नसते. म्हणून रायगडपुरती एक कसोटी सुचवतो. बोट जाताना कशी चालेल हे पाहू नका, परत येताना कशी चालेल ते पाहा. मांडव्याहून मुरूडला उतरताना बहुतेक सगळ्याच बोटी छान चालतात. फरक पडतो तो घरी येताना.

दुपारचा वारा आणि घरची दिशा

आपल्या किनाऱ्याची शिडाची मोसमी वेळ ऑक्टोबर ते मे. या काळात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो. दुपारचा हा वारा मुख्यतः वायव्येचा. मार्च-एप्रिलमध्ये तो चांगलाच जोर धरतो.

किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण आहे. त्यामुळे दक्षिणेला जाताना वायव्येचा वारा पाठीमागून, तिरपा मिळतो आणि परतताना तोच तोंडावर येतो. शिडाची बोट थेट वाऱ्यात जाऊ शकत नाही. ती वाऱ्याशी काही कोन ठेवून, डावी-उजवी वळणं घेत पुढे सरकते. चांगली रेसिंग बोट वाऱ्याशी साधारण ४२ अंशांचा कोन ठेवते. उथळ कीलची (कील म्हणजे तळाखालचं जड पातं), रुंद, सामानाने भरलेली क्रूझर ५० अंशांच्या आत येताना कुरकुरते.

आठ अंशांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. मुरूड-जंजिऱ्याहून मांडवा सुमारे ३० सागरी मैल. वारा नेमका वायव्येचा धरला, तर रेसिंग बोट एकाच बाजूवर शीड ठेवून जवळजवळ मांडव्यापर्यंत येते. तिचा खरा प्रवास ३३ मैलांच्या आसपास होतो. क्रूझर मात्र त्याच बाजूवर हळूहळू किनाऱ्याकडे ओढली जाते आणि तिला पुन्हा पुन्हा खोल समुद्राकडे वळावं लागतं. तिचे ४० मैल होतात. पहिली ६ नॉटने (तासाला ६ सागरी मैल) आणि दुसरी ५ नॉटने चालली, तर एकीला साडेपाच तास लागतात, दुसरीला आठ. यात लाट आणि प्रवाह धरलेले नाहीत. जानेवारीत दुपारी बारा वाजता जंजिऱ्यालगतची राजपुरीची खाडी सोडली, तर एक बोट उजेडात मांडव्याला लागते आणि दुसरी रात्री आठला, अंधारात, मच्छीमारांच्या जाळ्यांमधून.

एवढ्यावरून रेसिंग बोटच घ्यावी असं वाटेल. पण क्रूझरपाशी या अडचणीवर स्वतःचं उत्तर आहे. ज्या बोटीत शांत झोप लागते, तिला दुपारी निघण्याची सक्ती नसते. रात्र राजपुरीच्या खाडीत नांगरावर काढा आणि पहाटे चारला मतलई वाऱ्यावर शीड उभारा. वारा उजवीकडून, जमिनीवरून येतो, त्यामुळे लाट नसते. वारा टिकला तर बोट सरळ उत्तरेला चालते, आणि पडला तर सपाट पाण्यावर इंजिनाने पुढे जाता येतं. खारा वारा जोर धरण्याआधी बरीचशी वाट सरलेली असते.

म्हणजे रेसिंग बोट दुपारच्या वाऱ्यातून वाट काढते आणि क्रूझर पहाटेच्या वाऱ्याची वाट पाहू देते. दोन्ही मार्ग खरे आहेत. म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारा: तुम्हांला थांबता येतं का? रविवारी संध्याकाळी मुंबईत असणं भाग असेल, तर आरामाच्या सोयी असूनही त्या वापरायला वेळ मिळणार नाही. महिन्यातून एकदा तीन-चार दिवस मोकळे काढता येत असतील, तर वेगावर खर्च केलेला पैसा फारसा कामी येणार नाही.

तिथी, भरती आणि बोटीचा ड्राफ्ट

बोटीचा तळ पाण्याच्या पातळीखाली किती खोल जातो, त्याला ड्राफ्ट म्हणतात. वाऱ्यावर चढण्यासाठी रेसिंग बोटीला खोल, अरुंद कील लागते. ३५ फुटांच्या अशा बोटीचा ड्राफ्ट २ मीटरच्या पुढे जातो. त्याच लांबीची उथळ कीलची क्रूझर दीड मीटरच्या आसपास असते. जे-२४ सारखी जगभर लोकप्रिय छोटी रेसिंग बोट १.२ मीटरमध्ये भागवते.

अर्ध्या मीटरचं महत्त्व रायगडात फार आहे. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरहून जास्त होतो. अलिबागला ओहोटीच्या वेळी लोक कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जातात, त्याच जागी भरतीला होडी लागते. धरमतर, रेवदंडा, राजपुरी, बाणकोट या खाड्यांच्या मुखाशी आणि आतही गाळाच्या पट्ट्या आहेत.

कोकणातली जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला. अमावास्या-पौर्णिमेला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या जवळपास. हा ठोकताळा आहे. निघण्यापूर्वी छापील भरती-कोष्टक पाहायलाच हवं. पण बोट निवडताना त्यातून एक मोठी गोष्ट कळते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास पूर्ण ओहोटी संध्याकाळी पाच-सहाला येते. फिरून परत येण्याची वेळही तीच. म्हणजे उधाणाच्या दिवशी, दमलेली माणसं, मावळता सूर्य आणि सर्वांत कमी पाणी हे तिन्ही एकत्र भेटतात. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी इतकं खाली उतरत नाही.

पाणी एकसारख्या गतीनेही उतरत नाही. सहा तासांच्या ओहोटीत पहिल्या तासाला एकूण उताराचा बारावा भाग जातो, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या आणि चौथ्याला प्रत्येकी तीन, पाचव्याला दोन आणि सहाव्याला पुन्हा एक. निम्मं पाणी मधल्या दोन तासांत जातं. खोल कीलच्या बोटीला खाडीत शिरण्याची मुभा त्यामुळे झपाट्याने संपते.

याच उधाणाच्या दुपारी मुंबई बंदरातून ओहोटीचा प्रवाह बाहेर वाहत असतो. मांडव्याहून गेटवेकडे निघालात, तर वारा आणि प्रवाह दोन्ही विरोधात. प्रवाह २ नॉटचा असेल, तर ५ नॉटची बोट प्रत्यक्षात ३ नॉटने सरकते आणि ७ नॉटची ५ ने. मांडवा ते गेटवे हे सरळ रेषेत जेमतेम सात मैलांचं अंतर, पण अशा वेळी हळू बोटीला वळणं घेत ते तीन तासांचं होऊ शकतं. वाटेत मोठ्या जहाजांचा मार्ग आहे, तो रेंगाळत ओलांडणं धोक्याचं आहे.

उथळ बोटीचं मोल या पाण्याला नवं नाही. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदी सुरू केली, तेव्हा इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. तरी नागाव-थळच्या बाजूने मराठ्यांच्या लहान, उथळ, वल्ह्यांवरही चालणाऱ्या बोटी रात्री माणसं आणि सामान पोहोचवत राहिल्या. मोठ्या इंग्रज जहाजांना त्या सापडेनात. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमारातही वजनदार गुराबा आणि चपळ गलबतं अशी कामाप्रमाणे विभागणी होती. या किनाऱ्याचे खडक आणि गाळ तेव्हाही हेच होते, आणि बोटी त्यांना जुळतील अशा बांधल्या जात.

हलका वारा आणि बोटीचं वजन

नोव्हेंबर ते जानेवारीतल्या कित्येक सकाळी वारा पाच-सात नॉटचाच असतो. जड क्रूझर त्यात हलत नाही. मग तिचा मालक इंजिन सुरू करतो, आणि बघता बघता ती शिडाची बोट उरत नाही. म्हणून आराम हवा असला, तरी शिडाच्या क्षेत्रफळात कंजुषी करू नका.

बोट बांधणारे शीड आणि वजन यांचं एक गुणोत्तर देतात. ते १५-१६ असेल, तर बोट संथ आणि जोराच्या वाऱ्यासाठी. २० च्या वर असेल, तर चपळ, पण वारा वाढला की लगेच शीड कमी करायला लावणारी. आपल्या किनाऱ्यासाठी कुटुंबाच्या बोटीला १७ ते १९ हा पट्टा मला योग्य वाटतो. सकाळच्या हलक्या वाऱ्यात ती चालते आणि एप्रिलच्या दुपारी शीड एका टप्प्याने आखडलं की सावरते.

लांबीचाही विचार करा. सामान्य बोटीचा कमाल वेग तिच्या पाण्यालगतच्या लांबीवर ठरतो: फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ काढून त्याला १.३४ ने गुणलं, की नॉटमधला वेग मिळतो. २५ फुटांना ६.७ नॉट, ३६ फुटांना ८ नॉट. थोडी लांब क्रूझर आखूड रेसिंग बोटीला लांबच्या पल्ल्यात मागे टाकू शकते, ती यामुळे. हलकी बोट ही मर्यादा ओलांडते, पण मुख्यतः वारा पाठीशी असताना. वाऱ्याच्या तोंडावर तिलाही मर्यादेतच राहावं लागतं, आणि आखूड उभ्या लाटांवर तिचा सपाट पुढचा भाग आपटत राहतो. त्या आपटण्यात लहान मुलं आणि वयस्क माणसं लवकर थकतात.

किती हात, कोणते हात

रेसिंग बोट पळते ती माणसांच्या वजनावरही. चोवीस-पंचवीस फुटांच्या बोटीवर चार-पाच जण लागतात. वाऱ्यावर चढताना त्यांनी काठावर बसून बोट सपाट ठेवायची असते, वळणाला जागा बदलायची असते. मित्रांचा ठरलेला गट असेल, तर यात फार आनंद आहे. पण मुंबईतल्या नोकऱ्या आणि मुलांच्या परीक्षा सांभाळून दर रविवारी पाच जण जमवणं हे बोट चालवण्याहून कठीण काम आहे.

क्रूझर दोघांना हाताळता आली पाहिजे. पुढचं शीड दोरीने गुंडाळता यावं, मोठं शीड कॉकपिटमधून उतरवता यावं. बोट दाखवणाऱ्याला सांगा, की दोनच माणसांनी ही कामं करून दाखवा. घरातला दुसरा माणूस नांगर टाकू शकतो का, इंजिन सुरू करू शकतो का, व्हीएचएफ रेडिओच्या चॅनेल १६ वर बोलू शकतो का, हेही पाहा. जो सुकाणूवर असतो तोच आजारी पडला, तर बोट घरी आणणारं कोणीतरी हवं. तटरक्षक दलाचा मदतीचा १५५४ हा क्रमांक सगळ्यांना पाठ असावा.

ऊन, जाळी आणि पावसाळा

थंड देशांत बांधलेल्या क्रूझरमध्ये मोठ्या काचा आणि बंद केबिन असते. मे महिन्यात रेवदंड्याच्या खाडीत तिथे बसवत नाही. आपल्याकडे आराम म्हणजे वारा आत घेणाऱ्या खिडक्या, कॉकपिटवर पक्कं छत, फिकट रंगाचा डेक आणि पुरेसं गोडं पाणी. महागड्या लाकडी सजावटीपेक्षा या चार गोष्टी तपासा.

थळ, वरसोली, रेवस, करंजा इथल्या कोळी बांधवांची डोल जाळी प्रवाहात खुंटांना बांधलेली असतात. ती त्यांची रोजीरोटी आहे. जाळं चुकवणं ही यॉटवाल्याची जबाबदारी. खोल अरुंद कील आणि मोकळं लोंबणारं सुकाणू असलेल्या बोटीत दोरी सहज अडकते. लांब कील आणि तिला जोडलेलं सुकाणू असेल, तर ती बहुधा सरकून जाते. रात्री परतण्याची सवय असलेल्यांनी याला जास्त गुण द्यावेत. नव्या बंदरात शिरण्याआधी तिथल्या तांडेलाला नक्की विचारा; त्याच्याइतकी माहिती कोणत्याही नकाशात नसते.

उबदार पाण्यात बोटीच्या तळाला शेवाळ आणि चिकटणारे कवचधारी जीव काही आठवड्यांत धरतात. तळ खरवडून, रंगवून ठेवला नाही, तर रेसिंग बोटीचा महागात घेतलेला वेग पहिल्याच मोसमात जातो. तिची लॅमिनेट शिडंही आपल्या उन्हात लवकर आकार सोडतात. साध्या डॅक्रॉनची शिडं थोडी जड, पण बरीच वर्षं टिकतात.

आणि पावसाळा. जूनला कोळी बांधव होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. तुमच्या बोटीचं काय? जे-२४ सारखी दीड टनाच्या आतली बोट ट्रेलरवर मावते, घराच्या आवारातही ठेवता येते. सात-आठ टनांच्या क्रूझरला क्रेन, लोखंडी आधार आणि पक्की जागा लागते. अशी जागा आधी ठरवा, मग बोट. दोन कीलांची क्रूझर गाळावर ओहोटीत सरळ उभी राहते. शांत खाडीत राहणाऱ्यांनी तिचा जरूर विचार करावा, मात्र उघड्या किनाऱ्यावर लाटेत ती आपटून फुटू शकते.

संथ बोट, मोठा प्रवास

वेग म्हणजे क्षमता, असा समज सहज होतो. मुंबईतच बांधलेल्या एका बोटीचा इतिहास त्याला उत्तर देतो. सागवानाची ३२ फुटी ‘सुहेली’ १९६० च्या दशकात इथे तयार झाली. जड, संथ, जुन्या घडणीची. १९६८ मध्ये जगाला एकट्याने, न थांबता फेरी मारण्याच्या शर्यतीत नऊ जण उतरले. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन सुहेलीतून ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी इंग्लंडला परतले. शर्यत पूर्ण करणारे ते एकटेच होते. त्यांचा सरासरी वेग होता ४ नॉटच्या जवळपास.

त्याच सुहेलीच्या धर्तीवर गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या बोटींच्या कारखान्यात ‘थुरिया’ बांधली गेली. २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने करायच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात तिची डोलकाठी मोडली आणि ती चालवणारे अभिलाष टॉमी यांना वाचवून आणावं लागलं. जड बोट म्हणजे अभेद्य बोट, हाही समज नको. याच कारखान्यातल्या ५६ फुटी ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, असं करणारे ते पहिले भारतीय. या बोटी महासागराच्या प्रवासाला निघालेल्या होत्या. तुमचा प्रवास मांडवा, खांदेरी, मुरूड आणि फार तर श्रीवर्धनचा असेल, तर महासागराची तयारी अंगावर वागवण्याची गरज नाही.

मग कोणती घ्यावी?

ज्यांच्याकडे चार-पाच जणांचा पक्का गट आहे, मुंबई बंदरातल्या शर्यतींची ओढ आहे आणि संध्याकाळी घरी परतायचं आहे, त्यांनी २४ ते २६ फुटांची रेसिंग बोट घ्यावी. ती स्वस्त पडते, शिकवते आणि दुपारच्या वाऱ्यात भरवशाने परत आणते.

ज्यांना सलग सुट्या काढता येतात, मुलं किंवा आईवडील सोबत असतात, त्यांनी ३२ ते ३६ फुटांची, दीड मीटरच्या आतल्या ड्राफ्टची क्रूझर पाहावी. मात्र इंजिन भक्कम हवं आणि शिडं नवी.

बाकी बहुतेकांना मी मधली बोट सुचवीन: २८ ते ३२ फूट, मध्यम वजन, दीड मीटरच्या आसपास ड्राफ्ट, भरपूर शीड, आत चार साधे बिछाने, एक स्टोव्ह, एक शौचालय. ती एकाही बाबतीत पहिली येणार नाही, पण शनिवारी दुपारी दोघांनी निघावं आणि रविवारी पहाटे किंवा दुपारी, दोन्ही वेळा परत येता यावं, एवढं तिच्यात असतं. आपल्या किनाऱ्याला मला तीच सर्वांत जुळणारी वाटते.

पैसे देण्याआधी

एक पूर्ण मोसम दुसऱ्यांच्या बोटींवर काढा. मुंबईतल्या सेलिंग क्लबांत शर्यतीसाठी जादा हात नेहमी लागतात आणि मांडव्याला शिडाचं प्रशिक्षण मिळतं. प्रत्येक फेरीची नोंद ठेवा: किती वाजता निघालो, वारा कुठून होता, तिथी कोणती, किती जण होतो, परतीला किती वेळ लागला, इंजिन किती चाललं. मोसमाच्या शेवटी ही वही तुमची बोट कोणती ते जवळजवळ सांगून टाकेल.

बोट पसंत पडली, की ती दोनदा चालवून पाहा. एकदा सकाळच्या मंद वाऱ्यात, आणि एकदा मार्च-एप्रिलच्या दुपारी तीनला, वाऱ्याच्या तोंडावर, घरातली माणसं घेऊन. विक्रेता दुसऱ्या फेरीला तयार नसेल, तर घाई करू नका.

जुनी बोट असेल, तर स्वतंत्र सर्वेक्षक नेमा. डेकमध्ये पाणी मुरलं आहे का, कीलचे बोल्ट गंजले आहेत का, हे त्याच्याकडून लेखी घ्या. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा दहा वर्षांहून जुन्या असतील, तर त्या बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. नोंदणी, विमा, नांगरण्याची परवानगी आणि पावसाळ्यातली जागा या चार गोष्टी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या स्थानिक बंदर कार्यालयात विचारून आधी पक्क्या करा. बोटीच्या किमतीबरोबरच पहिल्या वर्षाची शिडं, तळाचा रंग, क्रेन आणि विमा यांची रक्कम बाजूला ठेवा. ती ठेवल्यावर जी बोट परवडते, तीच तुमच्या ऐपतीची बोट. ती तुमच्या मनातल्या बोटीपेक्षा चार फूट लहान निघाली, तरी आनंदाने घ्या. लहान बोट जास्त वेळा पाण्यात उतरते, आणि पाण्यात उतरल्याशिवाय समुद्र शिकता येत नाही.